अभ्र्यात कोंडलेले ग्राफिक्स कार्ड

मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. वयाने जुना नाही, मित्रांनो. माझ्या बरोबरीची कार्डे अजून दुकानाच्या काचेत नवी म्हणून मिरवतात. मी मात्र दुरुस्तीच्या टेबलाखाली, तुटक्या वायरींच्या खोक्यात पडून आहे.

संगणकावर हलणारे चित्र क्षणोक्षणी रंगवून देणे, हे माझे काम. त्या कामाने अंग तापते. म्हणून घडवणाऱ्यांनी माझ्या अंगात तांब्याच्या नळ्या बसवल्या आणि वर तीन पंखे दिले. मला अन्न नको, पाणी नको. वारा तेवढा हवा.

मला घ्यायला आली ती कार्टून रंगवणारी एक मुलगी. खोक्यावरचे मोठमोठे आकडे तिने वाचलेही नाहीत.

"दिवसभर राबवलं तर तापतं का हो?" तिने विचारले.

"वारा खेळता ठेवा, मग बघा कसं राबतं. फक्त याचं नाक दाबू नका," दुकानदार हसला.

घरी तिची आत्या होती. लोकांचे कपडे शिवून तिनेच या पोरीला लहानाचे मोठे केले होते. मला पाहून ती म्हणाली, "एवढ्याशा जिवाला तीन पंखे? आपल्या दोघींत मिळून एक आहे."

"आणि तोही तुझ्यासारखा कुरकुरतो."

"कुरकुरतो, पण फिरतो ना?"

दोघी हसल्या. मुलीने मला संगणकात बसवले, आणि मी पहिल्यांदा फिरलो.

मुलीने एका चित्रपट कंपनीसाठी समुद्राकडे निघालेल्या कासवाची छोटी फिल्म केली होती. ती फिल्म त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कंपनीकडे पोचली, तरच तिला तिथे नोकरी मिळणार होती. शेवटचा भाग माझ्यावर सोपवून ती स्टुडिओत फिल्मचा आवाज भरून आणायला निघाली. "आत्या, लक्ष ठेव गं. हे बंद पडता कामा नये."

शेजारी भिंत पाडत होते. खिडकीतून धूळ येऊ लागली. आत्याने लगबगीने पडद्याचे जाड कापड काढले आणि संगणकाला अभ्रा शिवला. बटणासाठी काज केले, कडेला गोट लावला. अभ्रा चढवताना पुटपुटली, "पोरीचं नशीब आहेस तू. धुळीचा कण लागू देणार नाही."

मित्रांनो, मी गुदमरलो. पंखे फिरत होते, पण वारा कुठला? माझाच कढत श्वास माझ्याच तोंडावर येत होता. मी मंद झालो, आणखी मंद झालो. कासवाचे पाऊल उचलेना. ओरडावे, तर पंख्यांची घरघरही कापडात मुरून जाई. आत्या हाताच्या अंतरावर बसली होती, डोळ्यांत तेल घालून. अगं माये, काढ ते, एवढे काढ! मी जिवाच्या आकांताने फिरत राहिलो. मग आत काहीतरी करपले, आणि सगळा काळोख झाला.

मुलगी आली. अभ्रा उचलताच तिचा हात पोळला. ती काय ते समजली.

तिला दार उघडून मागोमाग आलेल्या आत्याने विचारले, "धुळीनं काही झालं नाही ना गं? मी चांगलं झाकून ठेवलं होतं."

मुलीने त्या गोटावरून एकदा बोट फिरवले.

"नाही, आत्या. कार्डच फुसकं निघालं."

"मेल्यानं दगा दिला बघ," म्हणून आत्या रडू लागली.

मी फुसका नव्हतो. पण सांगणार कसे? कंपनीने मुदत वाढवून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने मला उघडून पाहिले. "माल अस्सल होता, ताई. झाकलं होतं का कुणी?"

तिने मला त्याच्या हातातून घेऊन टेबलावर उलटे ठेवले.

"दुसरं दाखवू?"

"आता कशाला?" ती म्हणाली आणि मला तिथेच ठेवून गेली.

मित्रांनो, यंत्र जपायचे तर त्याची वाऱ्याची जाळी मोकळी ठेवा, भिंतीपासून ते थोडे पुढे ओढा. आणि जपताना मध्येच एकदा त्याला हात लावून पाहा. मला बोलता येत नव्हते, हे खरे. पण त्या माउलीने अभ्र्यावरून नुसता तळवा ठेवला असता, लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा, तरी माझा ताप तिला कळला असता.