उतरंडीतली चौथी

मी एक जुनी चाळणी आहे. पीठ चाळायची नव्हे हं मित्रांनो, वाळू चाळायची! हुआलिएन गावातल्या काँक्रीट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आम्हा सहा बहिणींची उतरंड होती. मोठ्या भोकांची वर, बारीक भोकांची खाली आणि मी चौथी. मशीन आम्हाला गदगदा हलवायचं. मग कुणात किती वाळू उरली ते तोललं जायचं. जाड-बारीक कणांचं प्रमाण बिघडलं की काँक्रीट बिघडतं, म्हणून आमचा शब्द अखेरचा. बारा वर्षं मी तो मान मिरवला.

मशीनवर कायम खाऊची एक हिरवी पुडी असायची. त्या खाऊच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’. ती असली की यंत्र रुसत नाही, असं इथे सगळेच मानतात.

भूकंपात गावातली शाळा पडली आणि मुलं पत्र्याच्या खोल्यांत बसू लागली. नव्या शाळेच्या खांबांसाठी वाळू पुरवणाऱ्या थ्येनकाकांची वाळू आमच्याकडे आली, ती नापास! म्हणे फार बारीक. पुन्हा चाळली, पुन्हा नापास.

"अहो फांगताई, वीस वर्षं हीच वाळू देतोय," थ्येनकाका तपासणाऱ्या बाईंवर उखडले. "आताच कसं तिचं पीठ झालं?"

"आधी पुडी बघा," प्रयोगशाळेचे को साहेब म्हणाले. "तारीख उलटून गेलीय! मशीन वात्रटपणा करणारच."

साहेबांनी नवी पुडी आणली. फरक शून्य.

"पिवळी कशाला आणलीत, साहेब? हिरवीच लागते!" फांगताई म्हणाल्या.

हिरवी आली, तरी निकाल तोच. मी शरमेने अर्धी झाले होते. महिन्यापूर्वी फांगताईंनी घाईत माझ्यात अडकलेले खडे स्क्रूड्रायव्हरने टोचून काढले होते. तेव्हा कडेला माझी जाळी फाटली. तिथून जाड कण सुळकन खाली जात आणि चांगली वाळू बारीक ठरत होती.

शेवटी नापासच्या अहवालावर सही करायला फांगताईंनी पेन उचललं. ती सही झाली की खांबांचं काम थांबणार, मुलांचा आणखी एक हिवाळा पत्र्याखाली जाणार. पण त्यांनी सही केली नाही. पेन ठेवून त्यांनी आम्हा एकेकीला खिडकीच्या उजेडात धरलं. माझी पाळी आली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"साहेब, पुडीला बोल नको. मीच हिला टोचलं होतं. चूक माझी आहे."

को साहेबांनी तो अहवाल बाजूला सारला. "बरं झालं बोललात. आता नवी चाळणी आणा, बघत काय बसलात?"

"आणि माझ्या वाळूची माफी कोण मागणार?" थ्येनकाका गुरगुरले.

फांगताई खरोखरच वाळूच्या ढिगापुढे कमरेतून वाकल्या. मग मात्र काकांनाही हसू आवरेना. नव्या चाळणीतून वाळू पास झाली आणि त्याच आठवड्यात खांब ओतले गेले. माझी जागा गेली याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आता मी त्याच शाळेच्या भाजीच्या वाफ्यापाशी असते. मुलं माझ्यातून माती चाळतात आणि भांडतात, "आज माझी पाळी!"

मित्रांनो, आम्हाला मऊ ब्रशने, हलक्या हाताने साफ करा. आणि घाईत हातून काही फाटलंच, तर लगेच सांगून टाका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं ना?