भिंगारच्या मोडेमची तगमग

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. तुम्ही मला पाहिलं नसेल. अंगाने चपटा, कपाळावर लाल दिव्यांची रांग आणि स्वभावाने अतिशय अस्वस्थ. कॉम्प्युटरला इंटरनेटवर न्यायचं तर मीच घरच्या टेलिफोनच्या तारेत शिरायचो. आधी किंचाळायचो, मग खरखरायचो आणि जोडणी झाली की एकदम गप्प. माझ्यामुळे मांजराने घर सोडलं.

नव्व्याण्णव साली भिंगारच्या महेंद्रने मला आणलं. त्याचे वडील सोपानराव लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते आणि डिसेंबरअखेर रिटायर होणार होते. तोवर या खोक्यातून कमाई दिसली तर ठीक, नाहीतर कॉम्प्युटर विकायचा आणि महेंद्रने साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर लागायचं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. महेंद्रला काट्यावर जायचं नव्हतं. मला अडगळीत जायचं नव्हतं. त्यामुळे आम्ही दोघेही सारखे चुळबुळत असायचो.

कमाईची एक वाट म्हणजे सर्व्हे. अमेरिकेतली एक कंपनी विचारायची, तुमचा कुत्रा काय खातो? कुत्रा नाही म्हटलं की सर्व्हे तिथेच संपायचा. म्हणून महेंद्रने तीन कुत्रे पाळले, एक बोट घेतली आणि दिवाळीपर्यंत दोनदा लग्नही उरकलं. हे सगळं स्क्रीनवर. पॉइंट साठत होते. पैसे वाटेत होते.

दुसरी वाट डोमेन नेमची. डोमेन नेम म्हणजे इंटरनेटवरची नावाची पाटी. आधी घेईल त्याची. पुण्याच्या मित्राच्या क्रेडिट कार्डावर महेंद्रने कोपरगावच्या गोरक्षशेठच्या गुळाचं नाव घेऊन टाकलं आणि शेठना पत्र धाडलं, की तुमचं नाव माझ्याकडे आहे, हवं असल्यास फोन करा. मग फोनची वाट बघत तो सर्व्हे भरत बसला.

आता अडचण अशी, की मी तारेत असलो की बाहेरच्याला फोन एंगेज लागायचा. महेंद्र मधूनच मला बंद करायचा, रिसीव्हर कानाला लावून बघायचा, शेठचा फोन नाही म्हणून हळहळायचा आणि पुन्हा मला चालू करायचा.

शेजारच्या झुंबरबाईंनी मिरजगावच्या लेकीला, पुष्पावतीला, हाच नंबर दिला होता. तिचे दिवस भरत आले होते. झुंबरबाई रोज दारात येऊन विचारायच्या, आला का रं फोन? कुणाचाच नाही आला मावशी, असं महेंद्र खरं तेच सांगायचा.

डिसेंबरात शेठच जीप घेऊन आले. फोन लावून लावून त्यांचं बोट दुखलं होतं. पत्र घेऊन ते तलाठ्याकडेही जाऊन आले होते. तलाठ्याने दप्तर धुंडाळलं, पण सातबाऱ्यावर महेंद्रचं नाव काही निघेना.

"माज्या नावावर तू नाव लावलं व्हय? उतारा दाखव."

महेंद्रने चहा दिला, पाटीचं प्रकरण समजावलं. शेठ निवळले. पाटी डोळ्यांनी दिसली तर आत्ता व्यवहार करू म्हणाले. महेंद्रने मला चालू केलं, माझे दिवे लागले, आणि टेलिफोन वाजला.

पुष्पावतीचा होता. महेंद्रने रिसीव्हर ठेवून दिला असता, तर शेठना पाटी दिसली असती. त्याने माझ्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं आणि खिडकीतून हाक मारली, "मावशी, लवकर या. पुष्पाताई आहे."

नातू होऊन आठवडा झाला होता. जावई रोज बूथवर जाऊन हात हलवत परतत होते. झुंबरबाई रडल्या, हसल्या, मग नातवाचं नाक कुणावर गेलंय यातच बराच वेळ गेला. मी टेबलावर नुसता तडफडत होतो.

शेठनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्ये चालू असलं की फोन लागत न्हाई?"

"तेवढा वेळ नाही लागत, शेठ."

"मंग माज्या गुळाच्या ऑर्डरी कोन घेनार? ऱ्हाऊ दे बाबा, नाव तुलाच लखलाभ."

जीपमधली गुळाची ढेप बारशासाठी झुंबरबाईंच्या पुढ्यात ठेवून ते निघून गेले.

महेंद्र काट्यावर लागला. कॉम्प्युटरला गिऱ्हाईक मिळालं. मला कुणी घेईना. मला तारेतून काढलं त्या संध्याकाळी घरातला फोन लागोपाठ वाजत राहिला. त्यातला एकही महेंद्रसाठी नव्हता. तो सगळ्या गल्लीला एकेक करून बोलावून आणत होता.

आता मी माळ्यावर आहे. दिवे गेले, तगमग गेलेली नाही. मित्रांनो, तुमच्या घरात माझी नातवंडं रात्रंदिवस चालू असतात. त्यांना पाण्यापासून जपा, त्यांच्यावरची धूळ पुसा आणि रोज घटकाभर त्यांना बंदही ठेवा. बाहेर कुणीतरी ताटकळत असतं. त्याला काही विकायचं नसतं, विचारायचं नसतं. नुसतं सांगायचं असतं.