न बुडलेली मनकर्णा

मी एक जुनी युद्धनौका आहे. हसू नका! माझी लांबी साडेतीन फूट, आणि समुद्र मी जन्मात पाहिलेला नाही. नागपुरात कुठला आलाय समुद्र? प्रताप नगराच्या मागे मुरमाची एक पडीक खाण होती, पावसाळ्यात तिच्यात कंबरभर पाणी साचायचं. तेच माझं रणांगण. मित्रांनो, आपलं आयुष्य सांगायला बसलेला जो तो आधी आपल्या मोठेपणाचं सांगतो. माझ्या नावावर एकच विजय आहे, आणि आज इतक्या वर्षांनीही त्याची आठवण झाली की मला तोंड लपवावंसं वाटतं.

गोष्ट १९८१ सालची. मारोतराव नावाचे एक गृहस्थ बारा वर्षं नौदलात इंजिनावर नोकरी करून नागपूरला परत आले होते. पाण्यावाचून त्यांचा जीव रमेना, म्हणून त्यांनी पाचसहा हौशी माणसं गोळा केली आणि खाणीवर छोट्या जहाजांच्या लढाया सुरू केल्या. काठावर उभं राहून हातातल्या पेटीच्या दोन दांड्या हलवायच्या. पेटी रेडिओनं निरोप पाठवते आणि पाण्यातलं जहाज पळतं, वळतं, तोफ उडवतं. तोफ म्हणजे पितळेची नळी. छोट्या स्टोव्हच्या टाकीत पंप मारून हवा भरायची, ती सुटली की सायकलच्या बेअरिंगमधला छर्रा सुसाट जातो. मारोतरावांचा मुख्य नियम एकच होता. जहाजाची कातडी इतकी पातळ हवी की छर्रा आरपार गेलाच पाहिजे. भोक पडलं की पाणी शिरणार, पाणी शिरलं की जहाज बुडणार. मग दोरीनं वर ओढायचं, वाळवायचं, भोकांवर पट्ट्या लावायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा लढायचं. म्हणजे बघा, आमची जात बुडण्यासाठीच जन्माला घातलेली.

माझा धनी मधुसूदन. धरमपेठेत त्याचं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हात सोन्यासारखा, पण स्वभाव असा की कोणी हसलं की त्याला आठ दिवस जेवण गोड लागत नसे. त्यानं कुठल्याशा इंग्रजी मासिकातून नऊ तोफांच्या एका प्रचंड जहाजाचं चित्र फाडून आणलं आणि मारोतरावांपुढे पसरलं.

"हे बनवतो," तो म्हणाला.

"पह्यलंच जहाज हे?" मारोतराव चष्मा वर करून म्हणाले. "अरे, नऊ तोफा सांभाळता सांभाळता तुह्येच बारा वाजतीन. रुंद जहाज घे गा. हळू चालणारं, हात आत जाईन असं. तोफ एकच लाव, पण पाणी उपसाचा पंप चांगला लाव."

मधुसूदनचं तोंड उतरलं. मासिकाच्या मागच्या पानावर एका बसक्या, रुंद, जरा गाढवासारख्या दिसणाऱ्या जहाजाचं चित्र होतं. ती मी. मनातली नव्हे, मिळालेली. खरं सांगते, मलाही तेव्हा वाईट वाटलं होतं. पुढे मी जे काही केलं त्यापुढे ते दुःख काहीच नव्हतं.

मला घडवलं लहानूमामांनी. ते जातीचे सुतार, पण लोक त्यांना ओळखत ते त्यांच्या लाकडी बैलांमुळे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी पोरं लाकडाचे बैल सजवून, दोरी बांधून मिरवत आणतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, मागतात. प्रताप नगरातली निम्मी पोरं लहानूमामांचा बैल ओढायची. बैल पुरा झाला की मामा अंगठा गेरूत बुडवायचे आणि बैलाच्या पोटाखाली तो उमटवायचे. तो ठसा म्हणजे त्यांची सही. तो असला की बैलाचा पाय निघत नाही, चाक अडत नाही, असं सगळे डोळे झाकून मानायचे.

त्यांनी माझा सांगाडा सागाचा केला आणि कातडी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, तासून तासून पोस्टकार्डाएवढी पातळ. उन्हासमोर धरली तर मामांच्या बोटांची सावली पलीकडून दिसायची. शेवटी त्यांनी माझ्या पोटात, आतल्या बाजूनं, गेरूचा अंगठा उमटवला. मधुसूदननं माझ्या नाकाडावर आपल्या वारलेल्या आईचं नाव लिहिलं, 'मनकर्णा'. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू?

पहिल्याच सरावात मी बुडाले. बस चालवणाऱ्या रुपरावांच्या जहाजानं मला चार भोकं पाडली आणि मी सरळ तळ गाठला. वर काढलं तेव्हा मधुसूदननं दोन वर्षं खपून स्वतःच्या हातानं जोडलेला माझ्यातला रेडिओ चिंब झाला होता. वाळवून, पुसून तो पुन्हा सुरू झाला म्हणा. पण रुपराव हसत हसत म्हणाले, "काय गा मधू, आज आकाशवाणी पाण्याखालून लागली वाटते!" सगळे खो खो हसले. मधुसूदनही हसला, पण त्या रात्री तो जेवला नाही.

"बुडालं त बुडू दे," लहानूमामा म्हणाले. "रेडिओच्या डब्याले रबर नीट लाव, रेडिओ वाचते. बाकी पट्टी माराले म्या हावोच ना."

मधुसूदननं डब्याला रबर लावलं. पण हसण्याला कुठलं रबर लावणार?

खरी लढाई तान्ह्या पोळ्याच्या दिवशी होती. तिच्या आदल्या दिवशी भर दुपारी त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. पिशवीतून एक्स-रेचे दोन जुने फोटो काढले. गरम सोड्याच्या पाण्यात खरवडून त्यांचा काळेपणा काढला, आरपार दिसेल असं स्वच्छ प्लास्टिक झालं. मग पट्ट्या कापून त्या माझ्या कातडीच्या आतून चिकटवल्या. एक पट्टी मामांच्या गेरूच्या अंगठ्यावरही बसली. शेवटची एक धुवायची राहिली, ती तशीच काळी, शेपटाकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेली. मला गुदमरल्यासारखं झालं. ओरडावं, काहीतरी करावं! पण लाकडाला कुठलं तोंड? आणि मित्रांनो, मनात कुठेतरी हेही होतं की आता मी बुडणार नाही. ते मला आवडलंही होतं. माझी लाज तिथून सुरू होते.

दुसऱ्या दिवशी खाणीवर ही गर्दी! पोरं आपापले बैल घेऊन आलेली, लहानूमामा एका बाजूला टोपलीत बैल मांडून बसलेले. लढाई सुरू झाली. रुपरावांनी मला वीसेक छर्रे मारले. कातडीला भोकं पडली, पण आतल्या प्लास्टिकवर आपटून छर्रे टपटप पाण्यात पडले. माझ्या पोटात थेंब नाही. मी गाढवासारखी चालत राहिले आणि एकेकाला बुडवत गेले. रुपरावांचं जहाज गेलं तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. "मनकर्णा! मनकर्णा!" असा गलका झाला. मधुसूदनचा चेहरा मला बघवत नव्हता, इतका तो खूश होता.

मारोतरावांची एक सवय होती. जिंकलेलं जहाज ते उलटंपालटं करून तपासत. त्यांनी माझ्या भोकात नख घातलं, आणि त्यांचं नख अडलं. त्यांनी शिताफीनं वरचं झाकण काढलं आणि आतून एक पट्टी ओढली. टर्रकन ती निघाली आणि खाली लाल अंगठा दिसला.

"हे काय हाय गा?"

सगळे गोळा झाले. रुपराव वाकून म्हणाले, "अंगठा त लहानूचा हाय. मजबुतीसाठी लावलं असन त्यानं."

मारोतरावांनी मधुसूदनकडे पाहिलं. "तुले ठाऊक होतं?"

एक क्षण. फक्त एक क्षण होता तो. मधुसूदननं सगळ्यांची तोंडं पाहिली, रुपरावांचं ओठातलं हसू पाहिलं, आणि तो म्हणाला, "मले काय माहीत? सांगाडा मामानं केला."

लहानूमामा टोपलीपाशी उठून उभे राहिले. ते फक्त एवढंच म्हणाले, "म्या नाई लावलं." एका बाईनं नुकताच घेतलेला बैल उलटा करून त्याचं पोट पाहिलं आणि मुकाट्यानं टोपलीत परत ठेवला. मामांनी टोपली डोक्यावर घेतली आणि ते निघून गेले. ज्या अंगठ्यावर सगळं प्रताप नगर विसंबून होतं, तोच अंगठा त्यांच्यावर उलटला, आणि तो होता माझ्या पोटात!

मला सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून घराच्या माळ्यावर फेकलं. अकरा महिने मी तिथे पडून होते. उंदरांनी माझी दोरी कुरतडली, झुरळं माझ्या तोफेत राहिली. मला त्याचं काही वाटलं नाही, माझी तीच लायकी होती. खालून मात्र बोलणं कानावर यायचं. लहानूमामांना आता बैल करायला कोणी सांगत नाही. गल्लीतली पोरं त्यांना विचारतात, "आजोबा, बैलाच्या पोटात काय भरलं?" मामांनी रंधा गुंडाळून ठेवला आणि ते एका वखारीत लाकडं मोजायला जाऊ लागले. हे ऐकलं की मधुसूदन जेवता जेवता उठायचा.

मला खाली काढलं ते त्याच्या बायकोनं, कौशल्यानं. पोळा आठ दिवसांवर आला होता म्हणून ती माळा झाडत होती. पोतं सुटलं, ती मला खिडकीपाशी घेऊन गेली, आणि उजेडात माझ्या शेपटाकडची ती न धुतलेली काळी पट्टी तिला दिसली. पट्टीत करंगळीचं हाड होतं, मधेच वाकडं झालेलं. कौशल्यानं आपली करंगळी त्याच्याशेजारी धरली. विहिरीवर पडून मोडलेली, वाकडीच जुळलेली. मधुसूदन दुकानातून आला तेव्हा मी पाटावर होते आणि ती समोर बसली होती.

"अवो, माह्या हाताचा फोटो वर्षभर शोधून राहिली मी," ती म्हणाली. "लहानूमामाच्या घरी तो कसा गेला, सांगा बरं मले."

मधुसूदन पाटाशी बसला आणि त्या पट्टीकडे बघत राहिला.

"आणि वरतून आत्याबाईचं, तुमच्या मायचं, नाव लिवलं हाय याच्यावर," ती पुढे म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

त्याच संध्याकाळी तो मला काखेत मारून मामांकडे गेला. दारातच त्यानं सगळं सांगून टाकलं, रडला, पाया पडायला वाकला. मामांनी पाय मागे घेतले.

"हे तू मले काहून सांगून राहिला?" ते म्हणाले. "म्या लावलं नाई, हे मले ठाऊकच हाय. ज्यायले ठाऊक नाई, त्यायले सांग."

तान्ह्या पोळ्याला मधुसूदन खाणीवर आला. तेच लोक, तीच पोरं. त्यानं मला सगळ्यांसमोर उघडलं आणि एकेक पट्टी ओढून काढली. प्रत्येक पट्टी निघताना माझी कातडी सोलली जात होती, आणि मला वाटत होतं, ओढ बाबा, एकही ठेवू नको. "हे म्या लावलं होतं," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मारोतरावांनी त्याला पुन्हा बोलायला लावलं. दुसऱ्यांदा तो मोठ्यानं म्हणाला, "म्या लावलं होतं. मामानं नाई. म्या खोटं बोललो." या वेळी कोणी हसलं नाही. तो वर्षभर ज्या हसण्याला भ्याला होता, ते आलंच नाही, आणि तो मान खाली घालून उभा राहिला.

"सोड पाण्यात," मारोतराव म्हणाले.

रुपरावांनी पहिला छर्रा मारला तो माझ्या आरपार गेला. दुसरा, तिसरा. गार पाणी पोटात शिरलं, पंप धडपडला, आणि मी शेपटाकडून कलत कलत खाली गेले. तळाशी मुरूम होता, वर उजेड हलत होता. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मधुसूदननं मला वर काढलं आणि तसंच निथळत रस्त्याच्या कडेला नेलं. तिथे बाभळीखाली लहानूमामा उभे होते. टोपली नव्हती. त्यांनी माझ्या भोकावरून बोट फिरवलं. "पातळ पट्टी लागन. ठेवून जाय," ते म्हणाले. मग मधुसूदननं खिशातून गेरूची पुडी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. मामांनी ती पाहिली आणि हळूच त्याची मूठ बंद केली.

"तो नको मागू गा."

मामांनी मला नीट केलं. पुढच्या वर्षी ते बैलही करू लागले, आणि लोकांनी रांग लावून घेतले. पण त्यानंतर त्यांनी कुठल्याही बैलाच्या पोटाखाली अंगठा उमटवला नाही. कोणी मागितला तर म्हणायचे, "बैल पाहून घ्या, अंगठ्याचं काय?" आता मामा नाहीत. मधुसूदनचे केस पिकलेत, आणि मी दुकानातल्या फळीवर असते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी दुकानात आलं तर मला जरूर हातात घ्या. धूळ झटका, पट्ट्या मोजा, पाण्यात सोडा, बुडवा सुद्धा. फक्त आतून पुसताना फडकं जरा जपून फिरवा. माझ्या पोटात, डाव्या बाजूला, लाल रंगाचा एक फिकट अंगठा आहे. मामांचा तेवढाच राहिलाय. तो पुसू नका.