सभात्याग

सभात्याग करून वकीलसाहेबाला काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. टाळ्या मिळणार होत्या. मुलींच्या बाकांवरून कौतुकाचं एखादं हसू मिळालं असतं. शिवाय मुख्याध्यापिकाबाईंना तोंडावर 'ही सभा बेकायदेशीर आहे' म्हटल्याचा किस्सा जन्मभर पुरला असता. तोटा? छे. वडिलांचं फरशांचं दुकान त्याची वाटच बघत होतं, आणि बारावीला कुठला विषय होता हे फरशी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक विचारत नाही.

हा वकील अर्थातच खरा नव्हता. हजेरी घेतानासुद्धा 'हरकत आहे' म्हणायचा, म्हणून पडलेलं नाव. खरोखरची वकिली करायची होती ती शिंप्याच्या मुलीला. वर्गात तिला टाचणी म्हणत. गणितात काठावर पास, इंग्रजी बरं, पण राज्यशास्त्रात पहिली. कायद्याच्या कॉलेजात फीमाफी हवी तर टक्के हवेत, आणि टक्के वर ओढणारा विषय तिच्याकडे हा एकच.

नेमका तोच बंद करायचं घाटत होतं. इंग्रजीच्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या. राज्यशास्त्राच्या सरांनी आता इंग्रजी शिकवावं आणि त्यांच्या वर्गातल्या मुलांनी अकाउंट्सच्या वर्गात जाऊन बसावं, असा मुख्याध्यापिकाबाईंचा बेत. पण उद्या पालक भांडायला आले तर? बाई मुरलेल्या. त्यांनी बारावी कलाच्या सगळ्या मुलांना हॉलमध्ये बोलावलं.

"हात वर करायचे. जास्त हात ज्या बाजूला, तसं होईल. मग माझ्या नावाने ओरडायचं नाही."

वर्गात राज्यशास्त्रवाले निम्म्याहून जास्त होते. नुसते बसून राहून विरोधात हात वर केले असते तरी विषय वाचला असता. पण बसून राहणं हे काही पुस्तकात नव्हतं.

"विषय बंद करावा असं ज्यांना वाटतं..." बाई एवढंच म्हणाल्या आणि वकीलसाहेब उठला.

"हरकतीचा मुद्दा! विषयपत्रिका आधी वाटलेली नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलेलं नाही."

"अरे, पहिलीच सभा आहे ही. मागची कुठून आणू?"

हॉल खदखदून हसला. वकीलसाहेबाचे कान लाल झाले. "ही सभा बेकायदेशीर आहे! आम्ही सभात्याग करतो!"

सभात्याग सरांनी नुकताच शिकवला होता, चांगला रंगवून. परीक्षेला चार गुणांसाठी येतो. पोरं उठली, रांगेत, अगदी शिस्तीत. भिंतीला टेकलेल्या सरांच्या चेहऱ्यावर क्षणभर चक्क अभिमान होता. मग त्यांना मागे उरलेले, इंग्रजीला शिक्षक हवा असलेल्यांचे हात दिसले असावेत, कारण तेही लगबगीने बाहेर निघाले.

"बसा रे! आपण जास्त आहोत!" टाचणी दबक्या आवाजात ओरडत राहिली. कुणी वळलं नाही तशी तीही पळाली, त्यांना आणायला. हॉलमधलं शेवटचं विरोधी मत असं दाराबाहेर पडलं.

व्हरांड्यात घोषणा चालू होत्या.

"चला आत, गाढवांनो! हात वर करा आणि मग हवं तेवढं बोंबला!"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," वकीलसाहेब म्हणाला.

"तुझ्या तत्त्वाला अकाउंट्सचा पेपर द्यायचा नाहीये. मला द्यायचाय!"

"ठीक. परत जायचं का, यावर आपण मत घेऊ. ठराव कोण मांडतंय?"

"मी! मांडला! चला!"

"अनुमोदन?"

एकाने दिलं. दुसऱ्याने उपसूचना आणली, की परत जावं, पण बाईंनी आधी दिलगिरी व्यक्त करावी. मग उपसूचनेवर आधी मत की ठरावावर, यावरून दोन तट पडले.

टाचणीने सरांची बाही धरली. "सर, तुम्ही सांगा ना यांना! तुमचं ऐकतील."

"मी कसा सांगू बाळा? विषय माझाच. हितसंबंध आड येतात."

"अहो सर, विषयच राहणार नाही!"

सरांनी चष्मा पुसायला घेतला. उपसूचना बहुमताने फेटाळली गेली, मूळ ठराव मंजूर झाला, सगळे वळले, आणि दार आतूनच उघडलं.

"झालं. एकमताने," बाई म्हणाल्या. "आता गोंधळ न करता वर्गात जा."

"निषेध तरी नोंदवला ना आपण?" वकीलसाहेबाने विचारलं.

"कुठे?" टाचणी म्हणाली. "व्हरांड्यात?"

आता कुणाला किती पडलं ते बघा. बाईंना इंग्रजीचा शिक्षक मिळाला आणि पालकांपुढे टाकायला एकमताचा ठराव. सरांचा पगार तोच राहिला. वकीलसाहेब दुकानात बसतो आणि मुख्याध्यापिकाबाईंना कसं गप्प केलं ते गिऱ्हाइकांना ऐकवतो. बाकीची पोरं अकाउंट्समध्ये रडतखडत पास झाली. त्यांना कुठे जायचंच नव्हतं. टाचणीने दोन वर्षांचं अकाउंट्स एका वर्षात घोकलं आणि काठावर निघाली. कायद्याच्या कॉलेजात तिला जागा मिळाली, फीमाफी मिळाली नाही. ती जागा तिने सोडली.