धर्माकाकांची पुसलेली हाक

मित्रांनो, वसईतल्या एका कॉलेजच्या लोखंडी कपाटात, वायरींच्या गुंत्याखाली पडलेला जुना रेकॉर्डर म्हणजे मी. मला दोन पेन्सिल सेल लागतात. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माझ्या डोक्यावर केसाळ टोपी असते. मी नवा होतो तेव्हा मुलं मला हातात घ्यायला भांडत. नाटकाच्या तालमी, चर्चच्या घंटा, भाषणं, सारं मी मनापासून टिपलं. "याचा आवाज किती स्वच्छ येतो!" असं सर म्हणत, आणि मी त्या कौतुकावर जगत होतो.

मग दीपेश आणि खुशी हे दोन विद्यार्थी मला जवळच्या उमेळे गावात घेऊन गेले. दीपेशला शॉर्टफिल्म करायची होती. आवाजाचं काम खुशीकडे होतं. विषय होता धर्माकाकांची केळीची वाडी. शेजारी इमारत उठत होती, आणि पुढच्या वर्षी वाडीही जाणार होती. धर्माकाका वाडीच्या टोकाला उभे राहून विहिरीवर बसलेल्या शकूकाकींना हाक मारत, "शके, पानी सोड गो!" मग पंप सुरू होई आणि पाटातून पाणी खळखळत येई. खुशीने मला काकांच्या अगदी जवळ धरलं. कॅमेरा लांब बांधावर होता. ती हाक फक्त माझ्यातच उतरली.

कॉलेजात परतल्यावर दोघं कॉम्प्युटरसमोर बसली. स्पर्धेला फिल्म पाठवायला दोनच दिवस उरले होते.

"हाकेच्या मागे त्या इमारतीच्या काँक्रीट मिक्सरची घरघर येतेय," दीपेश वैतागला. "नेटवरून पक्ष्यांचे आवाज घेऊ, वर बासरी टाकू. एकदम इमोशनल होईल."

"अरे, पण त्यांचा आवाज राहू दे ना!"

"रॉ वाटतं गं. हा जुना डबाच तसा आहे."

मित्रांनो, खरं सांगतो, मला त्या घरघरीची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी एका गटाला मेमरी कार्ड हवं होतं. दीपेशने कॉम्प्युटरवरची प्रत उडवली, माझं कार्डही पुसलं. माझा दोष झाकला गेला म्हणून मला चक्क हलकं वाटलं. याचीच खंत आजही मला आहे.

महिन्याभराने कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. त्याच्या पंधराच दिवस आधी धर्माकाका छातीत कळ येऊन गेले होते. खुशी शकूकाकींना रिक्षाने घेऊन आली. पडद्यावर काका दिसले, त्यांचे ओठ हलले, आणि बासरी वाजू लागली. काकी पुढे झुकल्या.

"ह्यांचं तोंड हालतंय," त्यांनी खुशीला विचारलं, "मग हाक कुठं गेली?"

खुशीने दीपेशकडे पाहिलं. दीपेशला मान वर करता आली नाही.

दुसऱ्याच सकाळी तो एकटा मला घेऊन उमेळ्याला गेला. "काकी, चुकलं माझं. मी ती हाक पुसून टाकली." थोडं थांबून तो चाचरत म्हणाला, "तुम्ही तशी हाक मारून दाखवाल का?"

काकींनी पाटात पडलेलं केळीचं सुकं पान उचलून बाजूला टाकलं. मग म्हणाल्या, "मी कशी मारू, बाबा? मी नुसती ओ द्यायची."

दीपेश मला बंद करायला निघाला, तेवढ्यात त्या आपणहून वाडीच्या टोकाकडे वळल्या. तिथे कुणी नव्हतं. तरी त्यांनी ओठांशी हात नेला आणि ओरडल्या, "ओ! सोडलं पानी!"

मी ते टिपलं. मागे मिक्सर घरघरत होता. या वेळी दीपेशने ती घरघर काढली नाही. बासरी मात्र काढली. आता फिल्ममध्ये काकांचे ओठ हलतात, काहीच ऐकू येत नाही, आणि मग लांबून काकींची ओ येते.

"ती शांतता ठेवायची कल्पना सुचली कशी?" असं लोक दीपेशला कौतुकाने विचारतात.

"सुचली नाही," तो सांगतो. "माझ्याकडे आवाजच उरला नव्हता."

मित्रांनो, माझ्या अंगावरचं सगळ्यांत छोटं बटण आवाज पुसण्याचं आहे. ते दाबण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐका. आवाजात खोट असेल, घरघर असेल, असू द्या. तो माणूस तेच शब्द पुन्हा म्हणायला येईलच, असं नसतं.