कठड्याचा पलंग

मोठ्या बाईंना पहाटे जागे करण्याची हिंमत ना कोंबड्याला झाली, ना गजराला. त्या दोघांच्याही आधी उठत. शिवणकामाचा कारखाना चालवला तेव्हापासूनचा त्यांचा शिरस्ता होता: आधी हातपाय मोकळे करायचे, मग जमिनीला कपाळ टेकून देवाचे नाव घ्यायचे आणि त्यानंतरच चहाचे आधण ठेवायचे. "मशीनला रोज तेल लागतं, मग माणसाला नको?" असे त्या कारागीर बायकांना दरडावत. ज्यांनी ऐकले त्या अजून ताठ चालतात. ज्यांनी हसण्यावारी नेले, त्या कंबर धरून बसल्या आहेत.

सत्तरी उलटल्यावर बाईंनी या शिरस्त्यात एक भर घातली. जमिनीवर पूर्ण आडवे व्हायचे आणि कशालाही न धरता उठायचे. माणूस आज ना उद्या पडणारच, तेव्हा पडून उठण्याची सवय आधीच असलेली बरी, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता.

घोळ झाला तो गेल्या आठवड्यात. सून काहीतरी विचारायला खोलीत आली, ती नेमकी बाई जमिनीवर डोळे मिटून पडल्या असताना. तिच्या किंकाळीने अख्खे घर गोळा झाले. बाईंनी परोपरीने सांगितले, पण पालथ्या घड्यावर पाणी. मुलाने त्याच दिवशी त्यांच्या दाराची कडी काढून टाकली आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे असलेला पलंग मागवला. रात्री कठडे वर चढवायचे, आणि सकाळी सून येऊन ते खाली करीपर्यंत बाईंनी निमूट पडून राहायचे. म्हणजे त्यांची पहाटच जप्त.

आज दोन हमाल तो पलंग घेऊन दिवाणखान्यात उभे होते आणि बाई आपल्या खोलीचे दार अडवून.

"आई, हे तुझ्या भल्यासाठीच आहे," मुलगा म्हणाला. "व्यायाम करायचाच तर खुर्चीत बसून कर. नावही खुर्चीत घेता येतं."

"खुर्चीत? देव काय माझ्याकडे अर्ज घेऊन आलाय, मी खुर्चीत बसून त्याला भेटायला?"

थोरल्या हमालाने हसू खांद्यावरच्या फडक्यात लपवले.

"आई, या वयात हाड मोडलं तर—"

"वयाच्या गोष्टी मला सांगू नकोस. तू आडवा हो."

"काय?"

"इथे, फरशीवर. आणि कशाला न धरता ऊठ. उठलास, तर मी मुकाट्याने तुझ्या पिंजऱ्यात जाते."

दिवसभर कचेरीतल्या खुर्चीत बसणारा मुलगा मोठ्या ऐटीत आडवा झाला. आडवे होणे त्याला छान जमले. मग त्याने मान उचलली, पाय झाडले, एका कुशीवर वळला, पुन्हा पाठीवर आला आणि शेवटी हाताला लागेल ते धरले.

"साहेब, पँट सोडा माझी," धाकटा हमाल कळवळून म्हणाला.

मुलगा जागच्या जागी बसून धापा टाकू लागला. बाईंनी पदर खोचला आणि त्या सावकाश फरशीवर पाठ टेकून आडव्या झाल्या. मग कूस, मग कोपर, मग गुडघे. इथवर सगळे रोजच्यासारखे झाले, पण पाऊल पुढे टाकण्याच्या वेळी उजवा गुडघा अडला. मुलाने हात पुढे केला.

"खबरदार!"

बाईंनी कपाळ फरशीला टेकले. ओठ हलत राहिले, श्वास संथ झाला. रोज त्या इथेच थांबत. दम आणि नाव एकाच ठिकाणी गोळा करायची त्यांची जागा ती. मग पाऊल पुढे आले आणि त्या उभ्या राहिल्या. गुडघा लटपटत होता. ते त्यांनी लपवले नाही.

"आज उठलात, आई," सून म्हणाली. "उद्या नाही उठलात तर? त्या दिवशी दार उघडलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही गेलात. मला पुन्हा तसं बघवणार नाही."

उपदेश बाईंना आठवडाभर सगळ्यांनी केला होता. भीती वाटते असे मात्र कोणी बोलले नव्हते. त्यांचा स्वर उतरला, मान तेवढी उतरली नाही.

"नाही उठले तर नाही उठले. नाव घेताना सापडेन, त्यात रडण्यासारखं काय? पण कोणीतरी येऊन कठडा उतरवील म्हणून छताकडे बघत पडून राहणं, ते माझ्याने व्हायचं नाही. अंग आणि मन, दोन्हीचा लगाम रोज पहाटे मी माझ्या हातात घेते. तो तुमच्या हातात देणार नाही."

सुनेने डोळे पुसले आणि ती हमालांकडे वळली. "परत न्या."

"अगं, पण—"

"तुम्ही आधी उठून दाखवा," ती नवऱ्याला म्हणाली. मग सासूकडे बघत, "पण कडी पुन्हा बसवायची नाही. ते मी ऐकणार नाही."

बाईंनी सुनेला नीट न्याहाळले. त्यांच्यासमोर इतके ठणकावून ती पहिल्यांदाच बोलली होती.

"नाही बसवत कडी. पण किंचाळायचं नाही. मी आडवी दिसले, तर येऊन शेजारी आडवं व्हायचं."