तांडेल का गेला?

एकोणीसशे चौऱ्याण्णव सालची गोष्ट. बोईसरच्या बाजारात सुके बोंबील विकून वत्सला थेट मुलीच्या कॉम्प्युटर क्लासात आली. पाटी दाराबाहेर ठेवली तरी वास आत आलाच. त्याला ती काय करणार? सतरा वर्षांच्या मंजुळेने स्वतः एक रहस्याचा खेळ रचला होता आणि तो पहिल्यांदा आईनेच खेळावा, असा तिचा हट्ट होता.

पडद्यावर चित्रबित्र काही नाही, नुसती इंग्रजी अक्षरांतली मराठी. मंजुळा वाचायची, वत्सला उत्तर सांगायची. एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, तीन खलाशांना बेटावर सोडून होडी घेऊन निघून जातो. तो का गेला, एवढंच शोधायचं.

वत्सलेने आधी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. मग कळलं, जाताना त्याने खलाशांसाठी पाण्याचा हंडा भरून ठेवला होता. झाली का पंचाईत! लोभी म्हणावं, तर हंडा कशाला भरेल? भित्रा म्हणावं, तर पाणी भरत बसेल का? तिने लोभ सांगितला, भीती सांगितली, लाजही सांगून पाहिली. यंत्र आपलं 'चूक' म्हणत राहिलं.

"जाताना काय बोलला ते वाच," ती वैतागून म्हणाली.

मंजुळेने वाचलं, "जातो."

वत्सला पडदा सोडून पोरीकडे वळली. घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणतो. 'जातो' कोणी म्हणत नाही. नऊ वर्षांपूर्वी पुंडलिक, मंजुळेचा बाप, तेच म्हणाला होता. कधी नव्हे तो घरचा हंडाही भरून ठेवून गेला होता. तेव्हापासून वत्सला पोरीला सांगत आली होती, बाबा 'येतो' म्हणून गेलाय, म्हणजे येणार.

"तू तवा ऐकलं होतंस?" तिने विचारलं.

"दारामागं होती मी. खरं उत्तर खेळात घातलंच नाय, आये. मला म्हायत नाय. तुला हाय?"

"मलाबी नाय," वत्सला म्हणाली, आणि इतकी वर्षं खोटं बोलल्याची लाज वाटून तिला रडू आलं. मंजुळेने नुसता तिचा हात धरून ठेवला.

तारापूरच्या एसटीची वेळ झाली. मंजुळेचा तास अजून बाकी होता. वत्सलेने पाटी डोक्यावर घेतली, पण रोज सवयीने निघणारा शब्द आज म्हणायचा राहिला. मंजुळा मान वळवून वाट बघत होती.

"येते," वत्सला म्हणाली आणि निघाली. नाक्यापर्यंत गेली, तिथून परत फिरली, आणि दारातून पुन्हा म्हणाली, "येते गं."